घाणेरडा डबा आणि निळी ज्योत : स्वीडिश लष्कराचे जुने स्पिरिट स्टो

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागातलं सगळं बोलणं इथे लिहून दिलंय. मधले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि चहाचे घोट तेवढे काढलेत.)

लोकलमध्ये असाल तर दारात उभं राहून ऐकू नका, आधी आत सरका. मग सुरू करू.

मागच्या भागात बोलता बोलता मी म्हटलं होतं, की माझ्याकडे अकरा स्टो आहेत. त्यावर जे व्हॉइस मेसेज आले, त्यातला निम्म्यांचा सूर एकच होता : “ताई, अकरा स्टो कशाला? खानावळ काढायचीय का?” खानावळ नाही काढायची. पण प्रश्न बरोबर आहे, म्हणून आजचा अख्खा भाग त्यावरच.

मी राहते स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. इथे दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे जुना बाजार भरतो. त्याला ‘लोप्पिस’ म्हणतात. शिवाय लष्कराचा जुना माल विकणारी खास दुकानं आहेत. तिथे लोकरी कोट, बर्फातले बूट, तंबू, आणि एका कोपऱ्यात ढिगानं पडलेले डबे. त्या डब्यांच्या पोटात असतो पितळी स्पिरिट स्टो. माझ्या अकरापैकी सात तिथलेच आहेत.

डबा एक, कामं पाच

या डब्याचं सरकारी नाव ‘एम-४०’. म्हणजे १९४० चं मॉडेल. शिपायांनी ठेवलेलं नाव मात्र ‘स्नुस्कबुर्क’. त्याचा मराठीत अर्थ ‘घाणेरडा डबा’. रानात आठवडाभर त्यातच शिजवायचं, त्यातच खायचं, आणि घासायला मूठभर बर्फ किंवा वाळू. नाव उगाच नाही पडलं.

यात काय काय असतं बघा. बाहेर एक पत्र्याचं कवच, खाली भोकं असलेलं. हे वाऱ्यापासून आडोसा देतं आणि भांड्याला आधारही. आत पातेलं. ते गोल नाही, राजम्याच्या दाण्यासारखं एका बाजूनं आत वळलेलं आहे. वर झाकण, त्याला घडीचा दांडा, म्हणून तेच तवाही. आत पितळेचा बर्नर आणि स्पिरिटची छोटी बाटली. सगळं एकात एक बसतं आणि वरून चामड्याच्या पट्ट्यानं बांधलं जातं. आपल्याकडच्या टिफिनच्या डब्याची अक्कल आणि चुलीची सोय, दोन्ही एकाच ठिकाणी. स्पिरिट संपलं तर बर्नर काढून त्याच कवचात काटक्या पेटवता येतात.

डबे अ‍ॅल्युमिनियमचे मिळतात तसे स्टेनलेस स्टीलचेही. कुठेतरी तीन मुकुटांचा शिक्का दिसतो. ती स्वीडिश सरकारी मालाची खूण.

१९४० च का?

९ एप्रिल १९४० ला जर्मनीनं डेन्मार्क आणि नॉर्वेवर एकाच दिवशी हल्ला केला. स्वीडन तटस्थ राहिला, पण दोन्ही शेजारी पडल्यावर मध्ये एकटा उरला. बाहेरून येणारं पेट्रोल, रॉकेल जवळजवळ थांबलं. रस्त्यावरच्या गाड्या लाकूड आणि कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या. तरुणांना सीमेवर बोलावलं गेलं. या सगळ्या पोरांना थंडीत गरम काहीतरी खायला मिळणं ही चैन नव्हती. उणे वीस अंशात उपाशी माणूस लढत नाही, तो आधी गोठतो.

आता गंमत बघा. स्वीडनकडे तेलविहिरी नव्हत्या, पण जंगल होतं आणि कागदाचे कारखाने होते. लाकडाचा लगदा करताना जे सांडपाणी उरतं त्यात साखर असते. ती आंबवून स्पिरिट काढायचा पहिला स्वीडिश कारखाना १९०९ मध्ये स्कुट्सकॅर इथे सुरू झाला होता. म्हणजे रॉकेल बाहेरून आणावं लागायचं, स्पिरिट घरच्या लाकडातून निघायचं. कोल्हापूर-सांगली-नगरकडच्या श्रोत्यांना हे लगेच कळेल. आपण उसाच्या मळीपासून तेच करतो. कुठल्या देशाचा स्टो कशावर जळतो हे शोधत गेलं, की त्या देशाच्या शेतात किंवा रानात पोचतो आपण.

युद्ध संपलं तरी डबे राहिले. पुढची कित्येक दशकं स्वीडिश मुलगे सक्तीच्या लष्करी सेवेत हाच डबा पाठीवर घेऊन फिरले. माझ्या ओळखीच्या प्रत्येक स्वीडिश काकांकडे याची एक तरी गोष्ट आहे. शीतयुद्ध संपल्यावर लष्कर आकसलं, गोदामं रिकामी झाली, आणि माल बाजारात आला. २०१० मध्ये सक्तीची सेवा थांबवली गेली. २०१७ मध्ये ती परत आणायचं ठरलं. ते कशामुळे, ते पुढे येईलच.

नागरी बाजूला याचा भाऊ म्हणजे त्रांगिया. १९२५ मध्ये त्रोंग्सविकेन नावाच्या छोट्या गावात सुरू झालेला भांड्यांचा कारखाना. गावावरूनच नाव. त्यांचा वाऱ्यात चालणारा स्टो १९५१ मध्ये आला आणि अजून तसाच बनतो. लष्करी बर्नर त्याच्यापेक्षा आकारानं मोठा, पण तत्त्व तेच.

इतर सैन्यांचंही थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांकडे ‘टॉमी कुकर’ होता, घट्ट केलेल्या अल्कोहोलवर जळणारा. पाणी उकळता उकळत नाही ही त्याची ख्याती. स्विस सैन्याकडे अल्कोहोलच्या जेलचा छोटा पत्र्याचा डबा होता. जर्मन ‘एसबिट’ बाजारात याच ढिगात मिळतो, पण त्याच्या वड्या अल्कोहोलच्या नसतात, हेक्सामिनच्या असतात. संग्रह करताना ही सरमिसळ टाळा.

ज्योत कशी फुलते

या बर्नरमध्ये हलणारा एकही भाग नाही. पंप नाही, पिन नाही, वॉशर फाटायची भीती नाही. पितळेची दुहेरी भिंत असलेली वाटी, बस. मधल्या खड्ड्यात स्पिरिट ओतायचं, दोन तृतीयांशापर्यंतच. काडी लावली की आधी फक्त मधोमध शांत ज्योत दिसते. तिच्या उष्णतेनं पितळ तापतं, दोन भिंतींमधल्या पोकळीतलं स्पिरिट वाफ होतं, आणि ती वाफ कडेच्या बारीक भोकांमधून बाहेर येऊन पेटते. अर्ध्या-एक मिनिटात कडेनं निळ्या ज्योतींचं कडं उभं राहतं. इथले लोक म्हणतात, बर्नर फुलला. मलाही तोच शब्द आवडतो.

इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणून हे इतक्या सहज होतं. आणि म्हणूनच थंडीत अडतं. १३ ते १७ अंशांच्या खाली स्पिरिटवर पेटण्याइतकी वाफच धरत नाही, काडी विझते. उपाय साधा : बाटली आणि बर्नर जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवायचे, अंगाच्या उबेला. कडाक्याच्या थंडीत बर्नरखाली छोट्या ताटलीत थोडं स्पिरिट पेटवून आधी त्याचं बूड तापवतात.

ताकदीचं गणित करायचं तर एक मिलीलिटर इथेनॉल साधारण २१ किलोज्यूल उष्णता देतं, रॉकेल ३५ च्या आसपास. एक लिटर पाणी १५ अंशांपासून उकळीला न्यायला साधारण ३५६ किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते असं धरलं, तर तीस-पस्तीस मिलीलिटर स्पिरिट लागतं. म्हणजे औषधाच्या बाटलीवरच्या मापानं दोन-तीन झाकणं. गॅसच्या मानानं हे हळू आहे. एका लिटरला आठ-दहा मिनिटं लागतात, वारा असेल तर जास्त. ज्याला घाई आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

‘स्टो’ हा शब्द

आता थोडं गंभीर बोलते. मी पहिला स्टो घेतला तेव्हा आईला फोटो पाठवला. मला वाटलं ती म्हणेल, किती छान पितळ आहे. ती म्हणाली, “अगं, स्टो कशाला आणलास घरात?” आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

माझ्या आईच्या पिढीला स्टो म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक, पंप मारायचा घरघरणारा प्रायमस, तोंडाशी स्पिरिटचा काकडा, आणि पिन करताना काळे झालेले हात. हा प्रायमसही मूळचा स्वीडिशच, फ्रान्स लिंडक्विस्टनं १८९२ मध्ये काढलेला. आणि दुसरी गोष्ट, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती दोन ओळींची बातमी : स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. आईच्या चाळीत, दोन दारं सोडून, अशी एक नवी नवरी गेली होती. सगळ्यांनी स्टोचं नाव घेतलं. स्टो तपासायला कुणी मागितला नाही. आईच्या आठवणीत तो नंतरही कितीतरी दिवस त्याच घरात चालत होता.

तुमच्यापैकी बरेच जण गॅस आणि इंडक्शनच्या घरात वाढलात, तुम्हाला ही बातमी ठाऊक नसेल. ठाऊक असायला हवी. अशा ‘भडक्यां’मध्ये सुनाच का जळतात, सासू का नाही, दीर का नाही, हा प्रश्न बायकांनी रस्त्यावर उतरून विचारला. त्यातून १९८३ मध्ये दंड संहितेत ४९८-अ आलं आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. खरा अपघात कधीच होत नव्हता असं नाही. दाबाखालचं रॉकेल धोक्याचंच असतं. पण कितीतरी वेळा यंत्रावर माणसांचा गुन्हा ढकलला गेला.

म्हणून मी स्टोबद्दल बोलते तेव्हा “काही होत नाही हो” असं म्हणत नाही. कशानं होतं आणि कशानं होत नाही, हे नीट सांगते. आईलाही मी तेच सांगितलं. या स्पिरिटच्या बर्नरमध्ये दाब भरलेला नसतो, तो उघडाच असतो. प्रायमसच्या टाकीसारखा तो फुटत नाही. पण त्याचा स्वतःचा एक वेगळा धोका आहे, आणि तो ऐकल्याशिवाय या भागातून बाहेर पडू नका.

चार नियम

एक. पेटत्या किंवा गरम बर्नरमध्ये स्पिरिट कधीही ओतायचं नाही. सगळ्यात वाईट अपघात इथेच होतात. उन्हात स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही. माणसाला वाटतं, विझला. तो बाटली तिरकी करतो, बाटलीतली वाफ पेट घेते, आणि तोंडातून आगीचा झोत निघतो. तो ओतणाऱ्यापेक्षा समोर बसलेल्यालाच लागतो, काही मीटरवर असला तरी. विझलाय का हे बघायला हात वर धरा, मग झाकण ठेवून विझवा, मग तो हातात धरता येईल इतका गार होऊ द्या, मग ओता. पाच-दहा मिनिटं जातात. जाऊ द्या. त्रांगियाच्या बाटलीला सोडल्याबरोबर बंद होणारी झडप असते, ती घेणं शहाणपणाचं. पण झडप आहे म्हणून हा नियम मोडायचा नाही.

दोन. बंद तंबूत किंवा बंद खोलीत पेटवायचा नाही. काजळी धरत नाही म्हणून धूर नाही असं वाटतं, पण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

तीन. ओढणी, पदर, नायलॉनचं जाकीट लांब. शेजारी पाण्याची बाटली किंवा ओलं फडकं हवंच. स्पिरिट पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्यानं ही आग विझते. रॉकेलची किंवा तेलाची आग अशी विझत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

चार. हे पिण्याचं नाही. मिथेनॉल आणि इथेनॉल दिसायला सारखेच, वास जवळपास सारखा. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. ते डोळे घेतं, मग जीव घेतं. वाफ आणि त्वचेतूनही शरीरात जातं. म्हणून स्टोसाठी इथेनॉलचं स्पिरिटच घ्या, लेबल वाचा, आणि पाण्याच्या बाटलीत कधीच भरून ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर ते कुलपात.

जुना बर्नर घेताना

आता संग्राहकांसाठी. ढिगातून डबा उचलला की मी आधी बर्नर बघते. बाकी पत्रा ठोकून सरळ होतो, बर्नर बिघडला तर तो फक्त शोभेचा.

पाणी भरून फडक्यावर रात्रभर ठेवायचा. सकाळी फडकं ओलं असेल तर सांधा गेला, तो पेटवायचा नाही. कडेची भोकं उजेडाकडे धरून बघायची. बुजली असतील तर बारीक सुई हलक्या हातानं. भोक मोठं करायचं नाही, नाहीतर ज्योत एका बाजूला पळते. झाकणाच्या आतली रिंग कडक झाली असेल तर बदलायची. आणि बर्नर गरम असताना ते झाकण लावायचं नाही, रिंग वितळते.

पितळ हिरवं पडलं असेल तर आपली चिंच आहेच. बाहेरून चिंच-मीठ लावून धुतलं की पितळ आजीच्या देवघरातल्या समईसारखं उजळतं. पण घासायची पावडर आत जाऊ द्यायची नाही, ती भोकांत बसते. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला मात्र चिंच लावू नका आणि त्यात सोलकढी, टोमॅटोचं सार असलं आंबट शिजवूही नका. त्यासाठी स्टीलचा डबा घ्या.

काही संग्राहक सगळं चकचकीत करतात. मी नाही करत. माझ्या एका डब्याच्या झाकणावर आतून कुणीतरी खिळ्यानं रेघा ओढल्यात, पाच-पाचच्या जुड्या. घरी जायचे दिवस मोजले असणार. त्या घासून टाकायचा मला काय अधिकार?

वापर

अकरापैकी तीन मी वापरते, बाकी फळीवर. रविवारी तळ्याकाठी चहा. पाणी, आलं, साखर, चहा, शेवटी दूध. दूध घातल्यावर लक्ष ठेवावं लागतं, कारण आच कमी करायला लष्करी बर्नरपेक्षा त्रांगियाची कडी बरी. झाकणाच्या तव्यात पोहे छान होतात, दोन माणसांपुरते. काजळी जास्त धरत असेल तर स्पिरिटमध्ये दहा टक्क्यांपर्यंत पाणी मिसळायचं, बूड स्वच्छ राहतं.

पण इथे लोक हे डबे परत विकत घ्यायला लागलेत ते सहलीसाठी नाही. जानेवारी २००५ मध्ये गुद्रुन नावाच्या वादळानं दक्षिण स्वीडनमधली जंगलं झोपवली. लाखो घरांची वीज गेली, काही खेड्यांत ती कित्येक आठवडे आली नाही. इथली स्वयंपाकघरं विजेवर चालतात. वीज गेली की चहासुद्धा नाही. आणि २०१८ मध्ये सरकारनं घरोघरी एक पुस्तिका पाठवली : संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं. २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती आली, त्याच वर्षी मार्चमध्ये स्वीडन नाटोमध्ये गेला. घरात काय असावं त्या यादीत पाणी, रेडिओ, ऊबदार कपडे, आणि इंधनासह छोटा स्टो. १९४० चा डबा कपाटातून परत बाहेर आला तो असा. माझ्या शेजारच्या आजींनी त्यांच्या नवऱ्याचा डबा मला दाखवला आणि विचारलं, “हा पेटतो का बघशील?” आम्ही दोघींनी मिळून अंगणात पेटवून पाहिला. फुलला. तो मी विकत मागितला नाही. तो संग्रहातला नव्हे, घरातला आहे.

तुमचे प्रश्न

“भारतात स्पिरिट कुठे मिळेल?” डिनेचर्ड स्पिरिट राज्य उत्पादन शुल्काच्या नियमांत येतं आणि नियम राज्यागणिक वेगळे आहेत. आधी नियम विचारा, मग खरेदी. कुणाच्या ओळखीनं बिनलेबलचा कॅन घेऊ नका. आत काय आहे ते तुम्हाला कळणार नाही.

“सॅनिटायझर चालेल का?” नाही. त्यात पाणी जास्त, जेल असेल तर भोकं बुजतात, आणि ज्योत दिसत नाही.

“ट्रेननं ट्रेकला नेऊ का?” रिकामा, धुतलेला स्टो ही एक गोष्ट. स्पिरिट नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात ज्वालाग्राही पदार्थ नेण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि डब्यात तुमच्याबरोबर शेकडो माणसं असतात, ते कायद्याच्याही आधी आठवा. विमानात तर प्रश्नच नाही.

“हरिश्चंद्रगडावर पेटवू का?” तो अभयारण्यात येतो. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतलं गवत कापरासारखं पेटतं. गडावर नको. पायथ्याच्या गावात, कुणाच्या अंगणात, विचारून, सारवलेल्या जमिनीवर पेटवा. त्या घरातल्या काकूंना चहा तुम्ही करून द्या. स्टो कसा आहे हे त्याच तुम्हाला सांगतील.

तर मंडळी, आज एवढंच. हा भाग एखाद्या ट्रेकवाल्या मित्राला नक्की पाठवा, आणि बाकी काही नाही ऐकलं तरी ‘चार नियम’ हा तुकडा ऐकायला सांगा. तुमच्या घरात पोटमाळ्यावर जुना पितळी स्टो असेल तर आई-आजीला विचारा तो कुणाचा, कधीचा, आणि त्यांना त्याच्याबद्दल काय आठवतं. उत्तर व्हॉइस मेसेजवर पाठवा. पुढच्या भागात तुमचेच आवाज ऐकू. काळजी घ्या!